ग्रहाच्या चुंबकीय बलरेषेच्या अनुनादाचा (ती ताणलेल्या तारेसारखी कंप पावते, त्या कंपनाचा) कालावधी नुसत्या तरंगाच्या प्रवासवेळेवरून काढला तर चालेल का?

अंदाजापुरता चालेल. आल्फवेन तरंगाला (बलरेषेवरून धावणाऱ्या चुंबकीय तरंगाला) बलरेषेच्या एका टोकाच्या आयनांबरापासून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरापासून) दुसऱ्या टोकाच्या आयनांबरापर्यंत लागणारा वेळ दुप्पट केला की मूळ कालावधी मिळतो. पण ही पद्धत तरंगाचा वेग तरंगलांबीच्या मानाने बलरेषेवर सावकाश बदलतो असं धरते. मूळ कंपनात अख्खी बलरेषा म्हणजे अर्धीच तरंगलांबी, त्यामुळे नेमकं तिथेच गणित फसतं. वरच्या संनादींना (जास्त वारंवारतेच्या, आखूड तरंगलांबीच्या कंपनांना) ते बरं जुळतं. शिवाय टोरॉइडल (बलरेषा पूर्व-पश्चिम हलते) आणि पोलॉइडल (ती ग्रहाच्या आत-बाहेर हलते) कंपनांतला फरक त्यात दिसतच नाही.

त्यापेक्षा द्विध्रुवी (साध्या पट्टीचुंबकासारख्या) क्षेत्रात तरंग समीकरण संख्यात्मक पद्धतीने सोडवा, दोन्ही टोकांना आयनांबर उत्तम विद्युतवाहक मानून तिथे विद्युतक्षेत्र शून्य धरून. (बुधाला नीटसं आयनांबरच नाही, तिथे ही अट लावू नका.) आणि तरंगाच्या वेगासाठी घनता वस्तुमानाची घ्या, इलेक्ट्रॉनांची नव्हे: ऑक्सिजन आयन प्रोटॉनच्या 16 पट जड असतो.