वाचकांचे प्रश्न : एकच यादी, जावा आणि कोटलिन दोघांच्या हाती

प्रश्न : मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याचा मालपाठवणीचा प्रोग्राम सांभाळतो. छपाईचा जुना भाग जावा या प्रोग्रामिंग भाषेत आहे, नवा भाग आम्ही तिच्यासोबत चालणाऱ्या कोटलिन या भाषेत लिहीत आहोत. कोटलिनचे एक फंक्शन त्या दिवसाची चलने (माल पाठवल्याच्या पावत्या) 'फिल्टर'ने निवडून 'लिस्ट' म्हणून देते आणि ती यादी वाचण्यापुरतीच आहे, असे मी धरून चाललो होतो. एके दिवशी ४०, २५ आणि ३५ डझनांची तीन चलने होती. छापील कागदावर एकूण १०० डझन बरोबर आले, पण त्यानंतर काढलेल्या गोषवाऱ्यात २०० दिसले. शोध घेतला तेव्हा जावातील छपाईचा भाग 'एकूण'ची ओळ त्याच यादीच्या शेवटी घालत असल्याचे आढळले. उलट, टॉवेलांच्या तीन मापांच्या यादीत जावातून भर घालू गेलो, तर 'अनसपोर्टेड ऑपरेशन एक्सेप्शन' (ही क्रिया चालत नाही, असे सांगणारी चूक) येऊन काम थांबले. दोन्ही याद्या 'लिस्ट'च असताना एकीत भर पडते आणि दुसरीत नाही, असे का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण चूक नेमक्या ओळीपर्यंत नेऊन पोहोचवली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. कोटलिनमध्ये 'लिस्ट' आणि 'म्युटेबललिस्ट' असे दोन प्रकार दिसतात खरे, परंतु जावाच्या आभासी यंत्रावर (दोन्ही भाषांचे प्रोग्राम चालवणाऱ्या प्रणालीवर) प्रोग्राम चालू लागला की दोन्हींच्या जागी जावाची एकच 'लिस्ट' उरते. वाचण्यापुरती यादी आणि बदलता येणारी यादी हा भेद कोटलिनचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम तपासून चालवण्याजोगा करणारा) पाळतो. जावाच्या कंपायलरला त्याचा पत्ताच नसतो. शिवाय एका भाषेतून दुसरीत जाताना यादीची प्रत काढली जात नाही. आपल्या कोटलिनने धरलेली आणि जावाने 'एकूण' लिहिलेली वस्तू एकच होती, म्हणून गोषवाऱ्यात ती ओळही मोजली जाऊन १०० चे २०० झाले.

आता दोन याद्यांचे वर्तन वेगळे का, ते पाहू. 'फिल्टर' आतून नवी, लांबी वाढवता येणारी 'अ‍ॅरेलिस्ट' तयार करून देते आणि 'अ‍ॅरेलिस्ट'मध्ये भर घालण्यास जावाला काहीच आडकाठी नसते. मापांची यादी आपण बहुधा 'लिस्टऑफ'ने केली असावी. तीन घटक दिले की त्यातून जावाच्या 'अ‍ॅरेज.अ‍ॅजलिस्ट'ची निश्चित लांबीची यादी मिळते. तिच्यात भर पडत नाही, पण असलेले घटक बदलता येतात. म्हणजे जावातून कोणी ती यादी क्रमाने लावली, तर कसलाही एक्सेप्शन न येता कोटलिनच्या हातातील मापांचाही क्रम बदलेल. ही गोष्ट मला एक्सेप्शनपेक्षा अधिक धोक्याची वाटते, कारण एक्सेप्शन निदान ओरडून सांगतो.

उपाय एकच आणि तो सीमेवरच करावा : कोटलिनमधून यादी बाहेर पडताना तिची बदलता न येणारी प्रत द्यावी. २०१८ मधील जावा १० पासून 'लिस्ट.कॉपीऑफ' ही सोय आहे. कोटलिनमधून ती वापरताना 'जावा.युटिल'सह पूर्ण नाव लिहावे लागते. यादीत 'नल' (काहीच नसलेली रिकामी जागा) असेल तर ती जागच्या जागी एक्सेप्शन देते, हेही लक्षात असू द्यावे. जुन्या जावावर आधी नव्या 'अ‍ॅरेलिस्ट'मध्ये प्रत काढून मग ती 'अनमॉडिफायेबललिस्ट'मध्ये गुंडाळावी. नुसते गुंडाळणे पुरत नाही, कारण ते मूळ यादीवरचे झाकण असते आणि मूळ यादीत झालेला बदल झाकणातून दिसतच राहतो. कोटलिनचे 'टूलिस्ट' प्रत काढते, पण एकाहून अधिक घटक असले की पुन्हा 'अ‍ॅरेलिस्ट'च हाती देते, तेव्हा जावाकडे यादी पाठवताना तिच्यावर भरवसा ठेवू नये. प्रतीचा खर्च मनात आणू नका. काही हजार चलनांचे केवळ संदर्भ (वस्तू कुठे आहे याच्या खुणा) उतरवले जातात. मात्र चलनाची वस्तू दोन्हीकडे तीच राहते, म्हणून जावाने एखाद्या चलनातील डझन बदलले तर ते कोटलिनलाही बदललेले दिसतील. चलनाचा वर्गच 'व्हॅल' (एकदा ठरल्यावर न बदलणाऱ्या) गुणधर्मांचा करावा, हे बरे.

उलट दिशेने, जावातून कोटलिनमध्ये येणाऱ्या यादीत 'नल' असू शकतो आणि कंपायलर त्याबद्दल गप्प राहतो. तिचा प्रकार आपणच 'नल चालणारी' असा लिहून घ्यावा व आत येतानाच नल गाळणारे 'फिल्टरनॉटनल' लावावे. 'एकूण'ची ओळ मात्र कोणत्याच यादीत घालू नये. ती छपाईची गोष्ट आहे, चलन नव्हे.

प्रश्न : हीच यादी आता पायथन या भाषेतील एका छोट्या प्रोग्रामलाही द्यायची आहे. तिथेही असेच घडेल का? — तेच वाचक

उत्तर : जेसन या, माहिती मजकुराच्या रूपात लिहिण्याच्या पद्धतीतून दिली तर नाही. तेथे यादीचा मजकूर पाठवला जातो, वस्तू नव्हे, त्यामुळे प्रत आपोआपच निघते. वेगळी काळजी घ्यावी लागेल : चलन क्रमांकाला किल्ली करून पायथनने डिक्शनरी (किल्ली आणि तिची माहिती अशा जोड्यांचा संच) जेसनमध्ये लिहिली, तर ४५१२ हा अंक अक्षररूप होतो आणि परत वाचताना अक्षरांच्याच रूपात येतो. अंकाने शोध घेतला तर ते चलन सापडणार नाही, म्हणून वाचल्याबरोबर किल्ल्यांचे अंक करून घ्यावेत.