रात्रीच्या खेळाला पहिल्यांदाच पिक्चर लावताय? मग हे आधी बघा

लातूर-परभणीकडं उन्हाळ्यात गच्ची सुचणारच, पण रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आहे. बंद हॉलच घ्या. सार्वजनिक खेळाची हक्कधारकाकडून परवानगी वेगळी लागते, ती आधी काढा.

सुरुवात 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' या ब्रिटिश विनोदी पिक्चरनं करा (1975, दीड तासाचा). सुरुवातीच्या नामावलीखाली खोटी स्वीडिश सबटायटल्स येतात. चुकीची फाइल लागली म्हणून बंद करू नका, तो विनोदच आहे. शेवटी तर पोलीस येऊन पिक्चरच थांबवतात, पुढं काळ्या पडद्यावर ऑर्गन वाजत राहतो. तेव्हा लगेच दिवे लावू नका, लोकांना कळू द्या.

खरी मेख मराठी सबटायटल्समध्ये आहे. फाइल यूटीएफ-8 (मराठी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) मध्ये सेव्ह करा, नाहीतर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं दिसतील. ओळी सगळीकडं सारख्याच मागंपुढं असतील तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी आणि एच बटणांनी जुळतात. पण सुरुवातीला बरोबर आणि मिनिटाला अडीच सेकंदांनी सरकत असतील, तर फाइल सेकंदाला 25 फ्रेमची (चित्रांची) आणि पिक्चर 23.976 चा (किंवा उलटं) आहे. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये फाइलचा फ्रेम रेट बदला. ओळ आधी दिसली की हशा आधी पिकतो आणि पुढचा संवाद त्यात बुडतो, म्हणून मधले आणि शेवटचे प्रसंग तपासाच.

लाइटीचा भरवसा नाही. दिव्याचा प्रोजेक्टर यूपीएसवर ठेवा. गरम असताना पंखा बंद पडला तर दिव्याचं आयुष्य घटतं.