कोकणातल्या सड्यावर नुसत्या चराईवर मांसासाठी जनावरे वाढवता येतील का?

आपण विचारले आहे की राजापूर तालुक्यात आपली ६ एकर सड्याची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, जमीन पडून आहे, परदेशात मोठ्या कुरणांवर केवळ गवतावर मांसासाठी गुरे वाढवतात ते आपण पाहिले आहे, तर तसे इथे करता येईल का आणि किती जनावरांपासून सुरुवात करावी. मी याच तालुक्यात १९ वर्षे शेळ्या आणि दोन-तीन गावठी गुरे सांभाळत आलो आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आधी कायद्याविषयी. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्यानेच बंद आहे. २०१५ मध्ये त्यातली दुरुस्ती अमलात आल्यापासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले, शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड अशी वाढली, आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलीवरील ही बंदी कायम ठेवली. त्यामुळे गोवंश मांसासाठी वाढवणे आपल्याला शक्य नाही. म्हैसवर्गाला अशी सरसकट बंदी नाही, पण जनावर दुधाला, कामाला किंवा पैदाशीला उपयोगी राहिलेले नाही असा दाखला लागतो. शिवाय म्हशीला डुंबायला पाणी हवे आणि आपल्या सड्यावरचे वहाळ फेब्रुवारीतच आटतात. राहतात त्या शेळ्या, आणि माझ्या मते आपण शेळ्यांचाच विचार करावा. मात्र त्याआधी चराईचे गणित समजून घ्या, कारण मुंबईहून गणपतीला गावी येणारा माणूस सडा पाहतो तो ऐन हिरवळीत, आणि बहुतेकांची चूक तिथेच सुरू होते.

आपल्याकडे ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा ४ महिन्यांत पडतो आणि कातळावरची वीतभर माती तो धरून ठेवू शकत नाही. जिथे बाराही महिने थोडाथोडा पाऊस होतो त्या देशांत गवत पुन्हा पुन्हा फुटते, म्हणून तिथे कुरणाचे तुकडे पाडून गुरे फिरवत ठेवता येतात. इथे एकदा खाल्लेले किंवा कापलेले गवत ऑक्टोबरनंतर फुटत नाही. प्रौढ गावठी गाय साधारण २०० किलोची धरली तर तिला रोज ५ ते ६ किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे मध्य जानेवारी ते मध्य जून या १५० दिवसांत सव्वाआठशे किलोंच्या आसपास. माझ्या सड्यावर माती असलेल्या भागात एकरी ५०० किलो वाळके गवत हाती लागते. आपल्या ६ एकरांपैकी निम्मा उघडा कातळ असेल असे धरले, तर दीड टन गवत झाले, आणि त्यावर दोन गाईसुद्धा पुरत्या उन्हाळा काढू शकत नाहीत. म्हणजे कायदा आड आला नसता तरीही गुरांचा कळप त्या जमिनीवर जगला नसता. म्हणूनच कोकणातल्या कुळवाड्याने गुरे नेहमी भाताच्या पेंढ्यावर सांभाळली आणि सड्याच्या गवताकडे जोडचारा म्हणूनच पाहिले.

हे गवतही वेळेवर कापले तरच त्याचा चारा होतो. सड्यावर कुसळी गवत फार. ते फुलोऱ्यावर असताना कापले तर जनावर आवडीने खाते, आणि एकदा कुसळे धरली की तीच कुसळे हिरड्यांत व जिभेखाली रुततात, तोंड सुजते आणि जनावर गव्हाणीकडे पाठ फिरवून उभे राहते. अडचण अशी की गवत कापायची योग्य वेळ आणि भातकापणी एकाच पंधरवड्यात येतात, मजूर मिळत नाहीत, आणि गवत नोव्हेंबरवर ढकलले जाते. मी आता भाताच्या आधी निदान अर्धा सडा कापून घेतो, मग त्यासाठी दोन दिवस जास्त मजुरी पडली तरी चालेल.

कापलेले गवत राखणे हेही मोठे काम आहे. ६ वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या एका दुपारी पलीकडच्या डोंगरावरून वणवा उतरला. आम्ही चौघे ऐनाच्या ओल्या फांद्यांनी आग झोडपत होतो. वाऱ्याने एक जळती काडी उडून उडवीच्या, म्हणजे रचलेल्या भाऱ्यांच्या ढिगाच्या, शेंड्यावर पडली, आणि १४० भारे पाऊण तासात गेले. गोठ्यातल्या गाईला धूर लागत होता म्हणून माझ्या बायकोने तिचे दावे कोयतीने तोडले. त्या वर्षी पेंढा घाटावरून विकत आणावा लागला. तेव्हापासून डिसेंबर संपण्याआधी मी बांधाच्या आतून १० फुटांची पट्टी साफ करून घेतो आणि सगळ्या भाऱ्यांची एकच उडवी कधी रचत नाही.

आता शेळ्यांकडे वळतो. शेळीचे खाणे मुळात झाडपाल्याचे, त्यामुळे मे महिन्यात सड्यावर गाय उपाशी असते तेव्हा शेळी करवंदीच्या जाळीत तोंड घालून पोट भरते. सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ ही जात आपल्या दमट हवेला रुळलेली आहे: काळे अंग, तोंडावर दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे, लांब पाय. बाहेरच्या भारी वजनाच्या जाती सुरुवातीला आणू नका. दिसायला देखण्या असतात, पण आपला पाऊस त्यांना सोसत नाही. शेळीचा अडचणीचा महिना मे नव्हे, तर जुलै. तिला भिजणे आणि चिखलात उभे राहणे मुळीच मानवत नाही, आणि ओल्या गवताबरोबर पोटात जाणारे जंत तिचे रक्त शोषतात.

पहिल्या वर्षी मी २६ शेळ्या मातीच्या जमिनीवर, ताडपत्रीखाली ठेवल्या होत्या. जुलैमध्ये एक शेळी चरताना मागे राहू लागली. तिच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज होती, आणि खालची पापणी ओढून पाहिली तर आतली बाजू कागदासारखी पांढरी. त्या महिन्यात माझ्या ७ शेळ्या दगावल्या. दुसऱ्या वर्षी पोफळीच्या रिपांचा साडेतीन फूट उंच माळा केला, रिपांमध्ये लेंडी खाली पडेल इतकीच फट ठेवली, पावसाच्या तोंडावर जंताचे औषध आणि आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस दिली, आणि तेव्हापासून दर पंधरवड्याला प्रत्येकीची पापणी पाहतो. ज्यांची फिकट दिसते त्यांनाच पुन्हा औषध देतो, कारण सरसकट औषध दिले की जंत त्याला दाद देईनासे होतात.

तर मग संख्या. शेळ्या किती ठेवायच्या हे जुलैमध्ये माळ्यावर बांधून, सलग १० दिवस पाऊस लागला तर आपण किती जणींना पाला पुरवू शकतो त्यावरून ठरवा. त्यासाठी फणसाचा पाला उत्तम; नवीन लावायचे तर बांधावर शेवरी आणि गिरिपुष्प लावा, ती लवकर फुटतात. आपल्या ६ एकरांवर मी पहिल्या वर्षी १० शेळ्या आणि १ बोकड यापुढे जाणार नाही. त्या नोव्हेंबरमध्ये घ्या, म्हणजे त्यांना जागेची सवय व्हायला सात महिने मिळतील. जून-जुलैत विकायला काढलेले जनावर घेऊच नका.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती फार महत्त्वाची आहे, ती म्हणजे राखण. पूर्वी भात निघाले की गुरे मोकाट सोडत आणि कोणी हरकत घेत नसे. आता चारही बाजूंना काजूच्या बागा आहेत, आणि शेळीने कलमाचा शेंडा एकदा खाल्ला की त्या कलमाची दोन वर्षे मागे जातात. शेजाऱ्याशी अशा कारणावरून आलेला दुरावा गावात पिढ्यान्‌पिढ्या राहतो. शिवाय बिबट्या आहे, आणि तो दिवसाढवळ्याही शेळी उचलतो. (तसे झाले तर मेलेले जनावर जागेवरून न हलवता लगेच वनखात्याला कळवा, भरपाई मिळते.) तेव्हा शेळ्यांबरोबर दिवसभर फिरणारा माणूस गावात राहणारा आणि खात्रीचा हवा, आणि त्याला पगाराबरोबर करडांमध्येही वाटा द्यावा. असा माणूस मिळाला नाही, तर आपण स्वतः गावी राहायला येईपर्यंत शेळ्या घेऊ नका. तोवर बांधावर शेवरी लावून ठेवा आणि सड्याचे गवत एखाद्या शेजाऱ्याला कापू द्या.