अंडाला पीळ पडल्याची शंका असेल तर सोनोग्राफीसाठी थांबू नका

ताई, १४ वर्षांच्या भाच्याला पहाटे अचानक डाव्या अंडात कळ आली, उलट्या झाल्या, आणि दुखणं थांबवायची गोळी देऊन 'संध्याकाळपर्यंत बघू' असं सांगितलंय, हे तुम्ही लिहिलंत. संध्याकाळपर्यंत थांबू नका. आत्ता निघा, बाकीचं वाटेत वाचा. सर्जन किंवा युरॉलॉजिस्ट आणि भूलतज्ज्ञ लगेच मिळतील का, एवढं फोनवर विचारून तिथेच जा. मुलाला खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागेल.

या वयात अशी कळ आली की दुसरं कारण पक्कं होईपर्यंत टॉर्शनच, म्हणजे अंडाला पीळ पडलाय असंच, समजायचं. अंडाला रक्त पोचवणाऱ्या नाडीला पीळ पडतो. आधी रक्त परत नेणाऱ्या शिरा दबतात, अंड सुजतं, मग आत येणारं रक्तही थांबतं. ६ तासांच्या आत पीळ सुटला तर १० पैकी ९ अंडं वाचतात, १२ तासांनी साधारण निम्मी, २४ तासांनंतर फारच थोडी. तरी उशीर झालाय म्हणून घरी बसू नका. पीळ अर्धवट असेल तर उशिराही अंड वाचतं.

डॉक्टर पाहतील की अंड वर ओढलं गेलंय का, आडवं आणि कडक झालंय का. मांडीच्या आतून बोट फिरवलं की एरवी अंड वर सरकतं, टॉर्शनमध्ये बहुतेकदा सरकत नाही. जंतुसंसर्गाचं दुखणं सहसा हळूहळू वाढतं, लघवीला जळजळ, ताप असतो. पण हा निवाडा घरी करायचा नाही. कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, तिथल्या तिथे होत असेल तर करावी. लक्षणं स्पष्ट असताना रेडिओलॉजिस्ट येईपर्यंत ऑपरेशन अडवून ठेवणं मला अजिबात मान्य नाही. शिवाय अर्धवट पिळात डॉपलरवर रक्तप्रवाह दिसूही शकतो.

काही डॉक्टर आधी हातानेच पीळ उलगडून बघतात. त्याने आराम पडला तरी ऑपरेशन लागतंच. त्यात पीळ सोडवून अंड टाके घालून बसवतात, आणि दुसरंही, कारण ज्यामुळे पीळ पडतो तो अंडाचा मूळचा सैलपणा बहुधा दोन्हीकडे असतो. अंड मेलेलं असेल तर काढावं लागतं. तुमच्या बहिणीला ही भीती नक्की असणार, म्हणून सांगतो: दुसरं निरोगी असेल तर वयात येणं आणि पुढे बाप होणं, दोन्हीला सहसा अडचण येत नाही.

मुलं लाजेने 'पोट दुखतंय' एवढंच म्हणतात. त्याला एकट्याला घेऊन विचारा, पूर्वीही अशी कळ येऊन आपोआप गेली होती का? ते, आणि आज दुखायला नेमकं किती वाजता लागलं, दोन्ही डॉक्टरांना सांगा.