द सोलोइस्टमधला नॅथॅनियल शेवटी बरा का होत नाही, आणि रामकुंडावरचा तो माणूस

ताई, तुमचे दोन प्रश्न. एक म्हंजे द सोलोइस्टमधे नॅथॅनियल शेवटपर्यंत बरा होतच नाही मग एवढा पिक्चर बघून मिळालं काय, आणि दुसरा, नाशिकच्या रामकुंडाकडे तसाच एकजण दिसतो त्याचं काय करायचं.

पहिल्याचं उत्तर सोपंय. गोष्ट खरी आहे. नॅथॅनियल एअर्स न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीत शाळेत शिकत असताना स्किझोफ्रेनियानं आजारी पडला, पुढे लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर दोनच तारा उरलेलं व्हायोलिन वाजवायचा आणि तिथे २००५ मधे पेपरात कॉलम लिहिणाऱ्या स्टीव्ह लोपेझला तो भेटला. २००९ ला पिक्चर आला तेव्हाही आजार होताच, मग बरा झालेला दाखवणार कसा? (लोपेझचा घटस्फोट मात्र उगाच घातलाय, खऱ्यात त्याचा संसार नीट चालू होता. असो.)

मला विचाराल तर पिक्चरचा जीव आहे त्या कागदांच्या सीनमधे. आधी लोपेझ चेलोचं आमिष दाखवतो, चेलो लॅम्पमधेच (मानसिक आजार असलेल्या बेघरांचं केंद्र) राहणार, वाजवायचा तर तिकडे ये, आणि ते चालून जातं. पण पुढे लोपेझनं सहीला आणलेल्या कागदावर स्किझोफ्रेनिया हा शब्द वाचला की नॅथॅनियल लोपेझच्या अंगावरच जातो. मी तिथे पॉज करून बसलो होतो थोडा वेळ. आमच्या चुलतभावाला आम्ही सर्दीचा डॉक्टर आहे सांगून नेलेलं, त्यानं बोर्डावर मानसोपचार वाचलं आणि रिक्षातून उतरेचना, नंतर वर्षभर माझ्या हातचं पाणी प्यायला नाही तो.

पण म्हणून गोळ्यांनी काही होत नाही असं डोक्यात घेऊ नका, पिक्चर बघून बऱ्याच जणांचं तसं होतं. भावाच्या गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एका सकाळी त्यानं आपणहून विचारलं, पेपर आला का. काकू स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. आजार गेलेला नाही, मधे गोळ्या सोडल्या तर परत कानात आवाज सुरू झाले, पण आता घरात असतो, भाजी आणतो. आणि आपल्याकडचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी बघा, २०१८ चा मॅगसेसे मिळालेले. रस्त्यावर करवंटीनं गटारातलं पाणी पिणारा पोरगा त्यांनी दवाखान्यात नेला, उपचार केले, तर तो चांगला शिकलेला, आंध्रातल्या घरचा निघाला. त्यांचं श्रद्धा फाउंडेशन आता कर्जतला अशा लोकांना बरं करून घरी पोचवतं.

आता रामकुंड. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे, असा भटकणारा माणूस दिसला तर त्याला ताब्यात नाही, संरक्षणात घ्यायचं काम पोलिसांचं, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमधे ठेवायचं नाही आणि बेघर असेल तर मिसिंगची नोंद करून घरचे शोधायचे. आम्ही एकदा एका ठाण्यात गेलो तर म्हणाले हे आमचं काम नाही, मग कलमाची झेरॉक्स टेबलावर ठेवली तेव्हा साहेब उठले. तुम्हीही झेरॉक्स घेऊनच जा. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली मानस, म्हंजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे.

तुम्ही म्हणताय तो बहुतेक गाडगे महाराज पुलाखालचा, चार पिशव्या सुतळीनं एकत्र बांधलेला. तो हातातून काही घेत नाही. चहावाला ग्लास पायरीवर ठेवतो, पाठ फिरवतो, मग हा उचलतो. आधी तेवढंच करा, नावगाव लगेच विचारू नका. पण पावसाळ्याच्या आत हालचाल हवी, गोदावरीला पूर येऊन घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की पुलाखाली कोण होतं नि कुठं गेलं कोणी बघत नाही. मी शनिवारी सकाळी घाटावर असतो, येणार असाल तर कळवा.