काळ्या बोळाला (कोरफडीचा सुकवलेला चीक) बोर्नट्रेजर टेस्टमध्ये, म्हणजे अँथ्राक्विनोन ही संयुगं ओळखायच्या चाचणीत, गुलाबी रंग का येत नाही? सोनामुखीला तर लगेच आला.

तुमचं काही चुकलेलं नाही. काळ्या बोळाला साधी नाही, मॉडिफाइड बोर्नट्रेजर टेस्ट लागते. सोनामुखीतले सेनोसाइड हे ओ-ग्लायकोसाइड (ग्लायकोसाइड म्हणजे साखर जोडलेलं संयुग). तिथे साखर ऑक्सिजनमार्फत जोडलेली असते, त्यामुळे सौम्य आम्लात उकळलं की सुटते, आणि मोकळा झालेला अँथ्राक्विनोनचा भाग अमोनियात गुलाबी रंग देतो. काळ्या बोळातलं बार्बालोइन मात्र सी-ग्लायकोसाइड आहे. साखर थेट कार्बनला चिकटलेली, आणि नुसत्या आम्लाला हा बंध दाद देत नाही. तो तोडायला ऑक्सिडेशन हवं, म्हणून फेरिक क्लोराइड.

साधारण 0.1 ग्रॅम पावडर, 5 मिली सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि 5 मिली 5 टक्के फेरिक क्लोराइड वॉटर बाथवर 5 मिनिटं उकळा. पूर्ण गार झाल्यावर क्लोरोफॉर्म घालून हलक्या हाताने हलवा. खालचा क्लोरोफॉर्मचा थर वेगळा काढून त्यात तेवढाच सौम्य अमोनिया घाला. रंग वरच्या अमोनियाच्या थरात बघायचा. बरेच जण क्लोरोफॉर्मकडे बघत बसतात आणि 'निगेटिव्ह' लिहून मोकळे होतात!

एक मात्र आहे: साध्या टेस्टलाही कधी फिकट गुलाबी छटा दिसते. ती नमुन्यात आधीच सुट्या असलेल्या एलो-इमोडिनची (साखर न जोडलेलं अँथ्राक्विनोन), बार्बालोइनची नव्हे. आणि कुंडीतल्या कोरफडीचा पांढरा गर घेऊन हा प्रयोग करू नका. बार्बालोइन असतं ते पान कापल्यावर सालीलगत पाझरणाऱ्या पिवळ्या, कडू चिकात. काळा बोळ म्हणजे तोच चीक आटवून सुकवलेला.