बाहेरून डॅशकॅम आणि टचस्क्रीन बसवली तर नव्या गाडीची वॉरंटी जाते का?

प्रश्न असा आहे: गाडी चार महिन्यांची, मधलं व्हेरिएंट. बाहेरून डॅशकॅम आणि टचस्क्रीन स्टिरिओ बसवायचाय. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतो, "वॉरंटी व्हॉइड होईल." वर एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या म्हणून रोज फोन येतोय. काय करावं?

गाडीची वॉरंटी जात नाही. जाते ती तुम्ही कापलेल्या वायरीची, आणि त्या वायरीमुळे जे काही जळेल त्याची.

वॉरंटी पुस्तिकेत "काय बसत नाही" असं एक पान असतं, ते आधी वाचा. बाहेरून बसवलेल्या वस्तूमुळे झालेला बिघाड कंपनी भरून देणार नाही, असंच तिथे बहुधा लिहिलेलं असतं. म्हणजे बिघाडाचा आणि तुमच्या स्टिरिओचा संबंध लागला पाहिजे. डॅशकॅम लावला म्हणून सस्पेन्शनचा बुश किंवा वॉटर पंप नाकारता येत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला होता. बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारा, असं त्याच आदेशात होतं. पुढे अपिलं झाली, काही ठिकाणी प्रकरण रेंगाळलं. त्यामुळे काउंटरवर हा आदेश दाखवला आणि काम झालं, असं होत नाही. पण ॲडव्हायझरला एवढं जरूर म्हणा: "कुठल्या कलमाखाली नाकारताय ते जॉब कार्डवर लिहून द्या." निम्मे "वॉरंटी व्हॉइड" इथेच थांबतात.

आता डॅशकॅम. नुसता १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावलात तर वॉरंटीचा प्रश्नच उरत नाही. लपवून वायरिंग करायचं असेल तर हार्डवायर किटला तीन वायरी असतात: कायम चालू असलेला करंट, चावी फिरवल्यावर येणारा करंट आणि अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडायची वायर. पहिल्या दोन वायरी फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसणारा जोड) घ्यायच्या. कुठलीही वायर सोलायची किंवा कापायची नाही. टॅपमध्ये दोन फ्यूज बसतात. मूळ सर्किटचा त्याच अँपिअरचा आणि कॅमेऱ्याचा वेगळा, २ किंवा ३ अँपिअरचा. एअरबॅग, एबीएस (ब्रेक) आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांच्या फ्यूजला हात लावू नका. सॉकेट किंवा स्टिरिओचा घ्या. कुठल्या पिनेला करंट कधी येतो ते मल्टिमीटरने बघा, अंदाजाने नको. अर्थ बॉडीच्या मूळ बोल्टला द्या, रंगावर कसलेला स्क्रू चालत नाही.

काचेशेजारच्या खांबातून, म्हणजे ए-पिलरमधून, वायर नेताना सर्वांत जास्त चुका होतात. कर्टन एअरबॅग असेल तर ती तिथूनच वर छताकडे जाते. वायर तिच्या मागून, बॉडीला चिकटून गेली पाहिजे. पुढून नेली तर एअरबॅग उघडताना वायर आडवी येते. बसवणारा "काही होत नाही साहेब" म्हणाला तर दुसरा माणूस बघा.

पार्किंग मोडचा, म्हणजे गाडी बंद असतानाही चालू राहणाऱ्या कॅमेऱ्याचा, हिशोबही करून ठेवा. कॅमेरा साधारण ०.३ अँपिअर खात असेल तर दिवसाला ७ अँपिअर-अवरच्या वर जातात. छोट्या गाडीत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. अडीच दिवसांत ती निम्मी होते, आणि चार दिवस गावाला जाऊन आलात की स्टार्टर नुसता टकटक करतो. किटचा कट-ऑफ (ज्या व्होल्टेजला कॅमेरा आपोआप बंद होतो तो) १२.२ व्होल्टच्या खाली ठेवू नका. बॅटरीची वॉरंटी बहुधा बॅटरी कंपनीच बघते, आणि वारंवार पूर्ण उतरलेली बॅटरी तपासणीत कळते.

स्टिरिओला नियम एकच: कपलर टू कपलर, म्हणजे वायर न कापता प्लगला प्लग. तुमच्या मॉडेलची तयार हार्नेस (प्लगसकट वायरींचा जुडगा) मिळते. ती मूळ कपलरला लागते आणि दुसऱ्या टोकाला नवा स्टिरिओ. स्टीअरिंगवरची बटणं चालवायची असतील तर काही गाड्यांत कॅन बसचा (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणारी वायरिंग) छोटा डिकोडर लागतो, तो सेटमध्ये आहे का ते आधी विचारा. हार्नेस नाही म्हणून वायरी पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळणाऱ्याकडून गाडी परत घ्या. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डमागे टेपचा गोंद पातळ होऊन टेप सुटते, वायरी एकमेकींना लागतात, आणि मग बॉडी कंट्रोल मॉड्यूलचा (लाइट, लॉक, काचा चालवणारा कॉम्प्युटर) क्लेम नाकारला तर कंपनीला दोष देता येत नाही. बटणांसाठी स्टीअरिंग खोलायची वेळ आली तर ते काम शोरूमकडेच. आत एअरबॅग आणि क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टीअरिंगला वायर जोडून ठेवणारा भाग) असतं. मूळ स्टिरिओ आणि त्याचे ब्रॅकेट फेकू नका.

याच दुकानात आणखी दोन गोष्टी गळ्यात मारतील. १००/९० वॉटचे हेडलॅम्प बल्ब: मूळ ६०/५५ वॉटच्या बल्बला ५ अँपिअर लागतात, याला ८ च्या वर, रिले (जास्त करंट सांभाळणारा स्विच) नसेल तर होल्डर वितळतो. आणि पुढचा स्टीलचा क्रॅश गार्ड: त्यामुळे धडकेचा जोर एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही, आणि केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. सीट कव्हर घ्याल तर सीटमध्ये साइड एअरबॅग आहे का ते बघा. असेल तर त्या बाजूची शिवण एअरबॅग उघडताना फाटणारी हवी.

एक्स्टेंडेड वॉरंटीची घाई नको. मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती बहुधा घेता येते, फक्त गाडीच्या वयाप्रमाणे रक्कम वाढत जाते. आधी मूळ किती आहे ते पक्कं करा. उदाहरणार्थ, मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये ती २ वर्षे किंवा ४०,००० किमीवरून ३ वर्षे किंवा १ लाख किमी केली. फोनवरच्या माणसाच्या कागदावर कधी कधी जुनाच आकडा असतो. माझं मत सरळ आहे: टर्बो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स (सीव्हीटी, ड्युअल क्लच, एएमटी) किंवा मोठा स्क्रीन असलेली गाडी पाच-सहा वर्षं ठेवणार असाल तर घ्या, कारण एक गिअरबॉक्स ॲक्च्युएटर किंवा एक स्क्रीन बदलला की पैसे वसूल. साधं पेट्रोल मॅन्युअल तीन वर्षांत विकणार असाल तर नको. पॅकेज कार कंपनीचं आहे की डीलरने स्वतः बनवलेलं, ते मात्र विचारा. डीलरचं असेल तर दुसऱ्या शहरात त्याचा उपयोग नाही. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर आणि बल्ब यांसारख्या झिजणाऱ्या वस्तू मूळ आणि एक्स्टेंडेड दोन्हींत नसतात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही नाहीत.

वॉरंटी टिकते ती वेळेवरच्या सर्व्हिसवर आणि जॉब कार्डवर. तक्रार "आवाज येतो" अशी लिहू देऊ नका. "सकाळी थंड गाडी, पहिला-दुसरा गिअर, २० च्या खाली, स्पीडब्रेकर उतरताना पुढून डावीकडून खटखट" अशी लिहून घ्या, आवाजाचा व्हिडिओ जोडा, आणि मेकॅनिकला शेजारी बसवून तोच रस्ता फिरवा. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर बॅटरीचं टर्मिनल काढून "रीसेट" करू नका; साठवलेला फॉल्ट कोड त्याने बऱ्याच गाड्यांत पुसला जातो आणि मग "गाडीत काही प्रॉब्लेम नाही" असं उत्तर मिळतं. आधी स्कॅन, कोडचा नंबर जॉब कार्डवर, मग पुढचं. तीच तक्रार तीनदा लिहिलेली तीन जॉब कार्डं हाच तुमचा पुरावा. ते दाखवूनही हलले नाहीत तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, तिथे ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार चालते आणि फी जास्तीत जास्त हजार रुपये असते.

एस्टिमेटमध्ये इंजिन फ्लश, इंजिन ड्रेसिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्टंट दिसले तर पुस्तिकेतलं वेळापत्रक उघडा. तिथे नसेल तर काट मारा, वॉरंटीला धक्का लागत नाही. ऑइलचे लिटरही बघा. छोट्या पेट्रोल इंजिनात फिल्टरसकट साधारण तीन ते साडेतीन लिटर जातं. बिलात चार लागले असतील तर उरलेलं मागा. एसीचा केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे असतो, पाच मिनिटांत घरी बदलतो; हवेच्या दिशेचा बाण तेवढा सांभाळा.

रंगावरच्या टेफ्लॉन कोटिंगवर पैसे घालू नका. अंडरबॉडी कोटिंग कोकणात किंवा गोव्यात, खाऱ्या हवेत राहत असाल तरच, आणि दारांची व खालच्या पट्टीची पाणी निघायची भोकं बुजवलेली नाहीत हे रॅम्पवर स्वतः बघून. बुजवली तर पाणी आत साचून गंज आतूनच धरतो.

आणि स्टिरिओ बसवल्यावर त्याचं जीएसटी बिल विमा कंपनीला पाठवून पॉलिसीत नोंद करून घ्या. नोंद नसेल तर चोरी झाल्यावर त्याचे पैसे मिळत नाहीत.